लॅपटॉपवर पास, क्लाउडवर लाल: पायटेस्टचा रनर पाइपलाइनमध्ये कसा बसवायचा

प्रश्न थोडक्यात असा: जँगो या पायथॉन फ्रेमवर्कवरचा बॅकएंड आहे, सोबत पोस्टग्रेस डेटाबेस आणि कॅशेसाठी रेडिस, पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या सुमारे १८०० टेस्ट्स. लॅपटॉपवर सगळं पास होतं. गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे क्लाउडवर टेस्ट्स आपोआप चालवणाऱ्या पाइपलाइनवर, मात्र बिल्डला पाऊण तास लागतो, दोन-तीन पीआरमागे (पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोड मर्ज करायची विनंती) एखादी टेस्ट उगाच फुटते आणि री-रन मारला की पास होते. रात्रीचं बिल्ड तर जवळपास रोज लाल, आणि सकाळी री-रन केलं की हिरवं. मॅनेजर म्हणतात मोठा रनर (टेस्ट्स चालवणारं मशीन) घ्या, टीममधला एक जण म्हणतो फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवणारं प्लगइन लावू. यातलं काय करावं?

दोन्ही करू नका, निदान आत्ता तरी. मोठ्या रनरवर तीच गोंधळलेली टेस्ट जरा लवकर फुटेल एवढंच. आणि री-रनचं प्लगइन एकदा लागलं की टेस्ट का फुटली हे बघायची सवयच मोडते. आधी लाल म्हणजे खरंच लाल आणि हिरवं म्हणजे खरंच हिरवं एवढं पक्कं करा. मग टेस्ट्स एकमेकींपासून सुट्या करा. वेगाकडे त्यानंतर वळा, कारण सुट्या न केलेल्या टेस्ट्स पॅरलल चालवल्या तर आज दोन फुटतात तिथे उद्या वीस फुटतील.

सुरुवात हिरव्यापासून, कारण तिकडे कुणी बघत नाही. पाइपलाइनला तुमच्या टेस्ट्स कळत नाहीत, तिला फक्त एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना परत देते तो आकडा, कळतो. पायटेस्टचे कोड ठरलेले आहेत: ० म्हणजे सगळं पास, १ म्हणजे काही फेल, २ म्हणजे मध्येच थांबवलं, ३ म्हणजे पायटेस्टमध्येच आतली चूक, ४ म्हणजे कमांड चुकीची, ५ म्हणजे एकही टेस्ट सापडली नाही. हा कोड वाटेत हरवायच्या जागा बऱ्याच आहेत. सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे पायटेस्टचं आउटपुट पाइप करून टी कमांडने फाइलमध्ये लिहिणं. गिटहब ॲक्शन्समध्ये तुम्ही शेल सांगितला नाही तर लिनक्सवर बॅश चालतो, पण पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली की सगळं फेल धरणाऱ्या पाइपफेल पर्यायाशिवाय. म्हणजे पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा, टीचा, कोड धरला जातो आणि टी कधी फेल होत नाही. टेस्ट्स धडाधड फुटतायत आणि स्टेप हिरवीगार! वर्कफ्लोच्या यामल फाइलमध्ये (पाइपलाइनच्या पायऱ्या तिथे लिहिलेल्या असतात) त्या स्टेपला किंवा वर डिफॉल्ट्समध्ये 'शेल: बॅश' एवढी एक ओळ लिहिली की पाइपफेल आपोआप चालू होतो. हा फरक डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, पण तिथे कुणी कारणाशिवाय जात नाही.

मग सगळ्या वर्कफ्लो फाइल्समध्ये 'कंटिन्यू-ऑन-एरर' आणि कमांडच्या शेवटी चिकटवलेलं 'ऑर ट्रू' शोधा; दोन्हींमुळे फेल झालेली कमांडही पुढे जाऊ दिली जाते. कुणीतरी कधीतरी रिलीजच्या घाईत ते टाकलेलं असतं आणि तो माणूस कंपनी सोडून गेलेला असतो. अनेकदा त्याचं मूळ कोड ५ मध्ये असतं: मार्कर (टेस्ट्स निवडायचं लेबल) बदलला, एकही टेस्ट निवडली गेली नाही, बिल्ड लाल झालं, आणि 'टेस्टच नाहीत तर फेल कसलं' म्हणून कुणीतरी कोडच गिळून टाकला. ५ ला लालच राहू द्या. टेस्टचा फोल्डर हलवल्यावर एकही टेस्ट न चालता मर्ज होण्यापासून तोच वाचवतो.

तिसरी जागा ब्रँच प्रोटेक्शनची, म्हणजे आवश्यक चेक पास झाल्याशिवाय मर्ज होऊ न देणाऱ्या गिटहबच्या नियमांची. बरेच जण शेवटी एक छोटा जॉब ठेवतात, तो बाकी सगळ्यांवर 'नीड्स'ने अवलंबून असतो, आणि मर्जसाठी तेवढाच एक चेक आवश्यक म्हणून लावतात. कल्पना चांगली आहे, पण आधीचा जॉब फेल झाला की हा शेवटचा जॉब फेल होत नाही, तो स्किप होतो. आणि स्किप झालेला आवश्यक चेक गिटहब पास धरतं. त्यामुळे या जॉबला 'इफ: ऑलवेज' लावा आणि आत प्रत्येक अवलंबून असलेल्या जॉबचा निकाल तपासून, त्यातला एक जरी 'सक्सेस' नसेल तर स्वतःहून एक्झिट १ करा. हे खरंच चालतंय का, हे बघायला एका ब्रँचवर मुद्दाम फुटणारी टेस्ट टाकून पीआर उघडा. मर्जचं बटण बंद दिसलं पाहिजे.

आता डेटाबेस. लॅपटॉपवर कुणी पोस्टग्रेसऐवजी एस्क्यूलाइट वापरत असेल तर ते आजच थांबवा. एस्क्यूलाइट व्हारचार, म्हणजे मजकुराच्या कॉलमची, ठरवलेली लांबी पाळत नाही, पोस्टग्रेस पाळतो. पोस्टग्रेसमध्ये ऑर्डर बाय न लावलेल्या क्वेरीतून आलेली रांग मध्येच एखादी ओळ अपडेट झाली की बदलू शकते. 'पहिली ऑर्डर ही असायला हवी' असं तपासणाऱ्या टेस्ट्स तिथे फुटतात, आणि त्यात पाइपलाइनचा काही दोष नसतो. पोस्टग्रेसची प्रोडक्शनवर जी मेजर आवृत्ती आहे तीच लॅपटॉपवर आणि पाइपलाइनमध्ये ठेवा. इमेजला 'लेटेस्ट' टॅग नको.

सर्व्हिस कंटेनर (टेस्ट्ससोबत डेटाबेस, रेडिस चालवणारे कंटेनर) लावताना दोन गोष्टींवर लोक हमखास अडकतात. जॉब थेट रनरवर चालत असेल तर डेटाबेसचा पत्ता लोकलहोस्ट आणि मॅप केलेला पोर्ट. जॉबच कंटेनरमध्ये चालत असेल तर पत्ता म्हणजे सर्व्हिसला दिलेलं नाव, आणि मग पोर्ट मॅप करायची गरज नाही. एका वर्कफ्लोतून दुसऱ्यात यामल कॉपी केलं की हेच चुकतं आणि 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं. दुसरी गोष्ट हेल्थ चेक. कंटेनर सुरू झाला म्हणजे डेटाबेस तयार झाला असं नाही. ऑप्शन्समध्ये पीजी-इज-रेडी (पोस्टग्रेस तयार आहे का ते विचारणारी कमांड) लावून ठेवा, आणि त्याला होस्ट म्हणून १२७.०.०.१ द्या. अधिकृत पोस्टग्रेस इमेज पहिल्यांदा उठताना आतल्या आत एक तात्पुरता सर्व्हर फक्त युनिक्स सॉकेटवर चालवते, इनिशियल स्क्रिप्ट्स संपवते आणि मग खरा सर्व्हर उठवते. होस्ट न देता केलेला चेक त्या तात्पुरत्या सर्व्हरलाच 'तयार' म्हणून मोकळा होऊ शकतो. 'स्लीप ३०' लिहिलेलं असेल तर ते काढून हे लावा.

रात्रीचं बिल्ड रोज लाल आणि सकाळी री-रन केलं की हिरवं, हा तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात रस वाटलेला भाग. यात योगायोग नसावा. गिटहबच्या शेड्यूलचा क्रॉन (वेळापत्रकाची ओळ) डिफॉल्टने यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, धरला जातो, आणि आपल्याकडे रात्री २ वाजता बिल्ड हवं म्हणून तिथे २०:३० लिहिलेलं असतं. त्या वेळी आपल्याकडे तारीख बदललेली असते, यूटीसीत कालचीच असते. आता जँगोमध्ये यूज-टीझेड सेटिंग चालू असताना टाइमझोन.नाऊ() हा यूटीसीमधला वेळ देतो, आणि त्याला .डेट() लावलं की यूटीसीची तारीख मिळते. टाइमझोन.लोकलडेट() मात्र सेटिंगमधल्या एशिया/कोलकाता प्रमाणे आजची तारीख देतो. कोडमध्ये एकीकडे हे आणि दुसरीकडे ते वापरलं असेल, तर भारतीय वेळेनुसार रात्री १२ ते पहाटे ५:३० या साडेपाच तासांत दोघांत एका दिवसाचा फरक पडतो. दिवसा कुणालाच काही दिसत नाही. ऑफिसच्या वेळेत लॅपटॉपवर टेस्ट शंभर वेळा चालवली तरी पास.

म्हणजे फ्लेकी (कधी पास, कधी फेल) म्हणून शिक्का बसलेली ही टेस्ट खरा बग दाखवते आहे. रात्री साडेबाराला ऑर्डर देणाऱ्या ग्राहकाच्या बिलावर कालची तारीख पडत असेल. ३१ मार्चच्या मध्यरात्रीनंतर आलेलं बिल आधीच्या आर्थिक वर्षात जात असेल. री-रनचं प्लगइन याला हात लावू शकत नाही, आणि लोकांनी सकाळी री-रन मारून बग प्रोडक्शनला पाठवलेला असतो. उपाय असा: कोडबेसमध्ये 'नाऊ().डेट()' शोधून प्रत्येक जागी लोकलडेट हवा का ते ठरवा, आणि वेळेवर अवलंबून असलेल्या टेस्ट्समध्ये फ्रीझगन किंवा टाइम-मशीन वापरून घड्याळ गोठवा. गोठवताना मुद्दाम अडचणीची वेळ घ्या: यूटीसी १९:००, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे १२:३०. दुपारी १२ ला गोठवलेल्या टेस्टमधून काही निष्पन्न होत नाही. रनरचाच टाइमझोन भारतीय करून ठेवण्याचा मोह होईल. त्याने हा बग जाणारही नाही, कारण टाइमझोन.नाऊ() तसंही यूटीसीतच बोलतो.

दिवसा फुटणाऱ्या टेस्ट्सचं कारण बहुधा क्रम असतं. पायटेस्ट-रँडमली लावा. ते टेस्ट्सचा क्रम दर वेळी पिसतं आणि वापरलेला सीड (क्रम ठरवणारा आकडा) आउटपुटच्या सुरुवातीला छापतं. तोच सीड देऊन लॅपटॉपवर चालवलं की फुटलेला क्रम जसाच्या तसा परत मिळतो. पहिले काही दिवस बिल्ड जास्त लाल होईल, टीमला आधीच सांगून ठेवा. यात जँगोवाल्यांना हमखास भेटणारा प्रकार म्हणजे आयडी गृहीत धरणं. जँगोचा टेस्टकेस प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये चालवतो आणि शेवटी रोलबॅक करतो, त्यामुळे ओळी जातात. पण पोस्टग्रेसचा आयडी देणारा सीक्वेन्स रोलबॅक होत नाही. आधीच्या टेस्टने तीन ऑर्डर बनवल्या असतील तर पुढच्या टेस्टची पहिली ऑर्डर आयडी ४ ची. कुणी यूआरएलमध्ये '/ऑर्डर्स/१/' असं लिहून ठेवलं असेल तर ती टेस्ट एकटी पास, सगळ्यांसोबत फेल. बनवलेल्या ऑब्जेक्टचाच आयडी वापरा, विषय संपला.

एवढं झालं की टेस्ट्स अनेक वर्करमध्ये (स्वतंत्र प्रोसेसमध्ये) पॅरलल चालवणाऱ्या एक्सडिस्ट प्लगइनकडे या. 'मायनस एन ऑटो' सगळे लिहितात, पण ऑटो म्हणजे किती हे बघत नाहीत. पीएसयूटिल हे पॅकेज इन्स्टॉल असेल तर ऑटो फिजिकल कोअर मोजतो, नसेल तर लॉजिकल. एखाद्या भलत्याच डिपेन्डन्सीतून पीएसयूटिल आत आलं की वर्कर निम्मे होतात आणि बिल्ड अचानक का मंदावलं ते कुणाला कळत नाही. पाइपलाइनमध्ये आकडा थेट लिहा. २ कोअरच्या रनरवर २ पासून सुरू करा. टेस्ट्स डेटाबेसची वाट बघण्यात वेळ घालवत असतील तर ३ किंवा ४ नेही फायदा होतो, लावून मोजा.

पायटेस्ट-जँगो प्रत्येक वर्करला वेगळा डेटाबेस बनवून देतं, नावाच्या शेवटी जीडब्ल्यू०, जीडब्ल्यू१ असं लावून. त्यामुळे लोकांना वाटतं सगळंच वेगळं झालं. रेडिस वेगळं होत नाही! एका वर्करच्या टेस्टने कॅशे साफ केली की दुसऱ्या वर्करच्या टेस्टखालची सतरंजीच ओढली जाते. रेडिसमध्ये डिफॉल्टने १६ डेटाबेस असतात, ० ते १५. एक्सडिस्ट प्रत्येक वर्करमध्ये 'पायटेस्ट_एक्सडिस्ट_वर्कर' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये जीडब्ल्यू० असं नाव ठेवतो. त्यातला आकडा घेऊन टेस्टच्या सेटिंगमध्ये रेडिसचा डेटाबेस क्रमांक ठरवा. हाच न्याय टेम्प फोल्डरमधल्या ठरावीक नावाच्या फाइल्सना आणि टेस्टमध्ये उठवलेल्या खोट्या सर्व्हरच्या पोर्टला. फाइलसाठी टीएमपी-पाथ फिक्स्चर (फिक्स्चर म्हणजे टेस्टला लागणारी तयारी करून देणारं फंक्शन) वापरा, पोर्टसाठी ० द्या म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम मोकळा पोर्ट देते.

एक्सडिस्ट लावल्यावर कधीकधी टेस्ट सुरू व्हायच्या आतच 'डिफरंट टेस्ट्स वेअर कलेक्टेड बिट्वीन जीडब्ल्यू० अँड जीडब्ल्यू१' असा एरर येतो. कुणीतरी पॅरामीटराइझला, म्हणजे एकच टेस्ट अनेक मूल्यांवर चालवायच्या सोयीला, सेट दिलेला असतो. पायथॉनमध्ये स्ट्रिंगचा हॅश प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळा, म्हणून सेटचा क्रमही वेगळा, म्हणून दोन वर्करना टेस्ट्सच्या दोन वेगळ्या याद्या दिसतात. सॉर्टेड लावा किंवा सरळ लिस्ट द्या. आणखी एक: सेशन स्कोपचं फिक्स्चर एक्सडिस्टमध्ये प्रत्येक वर्करमागे एकदा चालतं, एकूण एकदा नाही. मोठा डेटा भरणारं महागडं फिक्स्चर मॉड्यूल स्कोपला असेल तर वाटप 'लोडफाइल' करा, म्हणजे एका फाइलच्या टेस्ट्स एकाच वर्करकडे जातील.

वेगाचं बोलायचं तर कात्री लावण्याआधी मोजा. पायटेस्टला 'ड्युरेशन्स २०' दिलं की सगळ्यात हळू वीस गोष्टी मिळतात, त्यात सेटअपचा वेळ वेगळा दिसतो. माझा अंदाज आहे की तुमच्या यादीत वर टेस्ट्स नसतील, सेटअप असतील, आणि त्यात पासवर्ड हॅशिंग असेल. जँगो ५.२ मध्ये पासवर्ड हॅश करणाऱ्या पीबीकेडीएफ२ चे १० लाख फेरे आहेत. प्रोडक्शनसाठी ते योग्य, पण प्रत्येक टेस्टमध्ये दोन-तीन युजर बनत असतील तर १८०० टेस्ट्समध्ये मिनिटंच्या मिनिटं केवळ पासवर्ड हॅश करण्यात जातात. टेस्टच्या सेटिंगमध्ये एमडी५ चा हॅशर लावा, जँगोचं डॉक्युमेंटेशनच ते सुचवतं. जो डेटा टेस्ट बदलत नाही तो सेटअपमधून सेटअप-टेस्ट-डेटामध्ये हलवा, म्हणजे तो क्लासमागे एकदाच बनेल. पोस्टग्रेसचा डेटा फोल्डर टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये ठेवा. जॉब संपल्यावर तो डेटाबेस फेकूनच द्यायचा आहे, डिस्कवर जपून लिहायला कशाला लावायचं? मायग्रेशन्स (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइल्स) वगळण्याचा पर्यायही आहे, पण पीआरच्या निदान एका जॉबमध्ये त्या खऱ्याखुऱ्या चालू द्या. तुटलेली मायग्रेशन डिप्लॉयच्या वेळी सापडणं फार महागात पडतं.

सेटअप-पायथॉन ॲक्शनची पिपची कॅशे लावली असेल तर ती डाउनलोड झालेली पॅकेजेस जपते, इन्स्टॉल झालेलं एन्व्हायर्नमेंट नाही. त्यामुळे 'कॅशे हिट झाली तरी इन्स्टॉलला वेळ का' याचं उत्तर तेच आहे.

हे सगळं करून वेळ पुरेसा उतरला नाही तरच मॅट्रिक्सने (एकाच जॉबच्या अनेक प्रती चालवायची सोय) टेस्ट्स अनेक जॉब्समध्ये फोडा. पायटेस्ट-स्प्लिट आधीच्या रनमध्ये नोंदवलेल्या वेळांवरून साधारण सारखे गट पाडतं, त्या वेळांची फाइल रिपॉझिटरीत ठेवून अधूनमधून ताजी करा. मॅट्रिक्सचं 'फेल-फास्ट' डिफॉल्टने चालू असतं: एक गट फुटला की बाकीचे रद्द. ते बंद करा, नाहीतर एका पुशमध्ये एकच चूक कळते आणि माणूस चार वेळा पुश करत बसतो. आणि फोडताना हिशेब लक्षात ठेवा: प्रत्येक जॉबला कंटेनर, इन्स्टॉल, मायग्रेशन नव्याने करावं लागतं, आणि गिटहब प्रत्येक जॉबची मिनिटं वरच्या पूर्णांकात धरतं. दोन मिनिटांच्या कामासाठी तीन मिनिटांचा सेटअप असे दहा गट पाडण्यात अर्थ नाही.

रिपोर्टसाठी जेयुनिट एक्सएमएल (टेस्टच्या निकालांची फाइल) बनवा आणि ते अपलोड करणाऱ्या स्टेपला 'नॉट कॅन्सल्ड' अशी अट लावा. अट नसेल तर टेस्ट फेल झाल्यावर पुढच्या स्टेप्स चालत नाहीत, म्हणजे रिपोर्ट नेमका हवा तेव्हाच मिळत नाही. गिटलॅब हे एक्सएमएल मर्ज रिक्वेस्टमध्ये आपणहून दाखवतं, ॲझ्युअरमध्ये त्यासाठी पब्लिश-टेस्ट-रिझल्ट्स टास्क आहे, गिटहबवर एखादी तयार ॲक्शन जोडावी लागते.

टाइमआउट जरूर लावा. गिटहबच्या जॉबची डिफॉल्ट मर्यादा ३६० मिनिटं आहे. एखादी टेस्ट सॉकेटवर अडकली तर सहा तास मीटर चालू राहील. जॉबला नेहमीच्या वेळेच्या दुप्पट मर्यादा द्या आणि पायटेस्ट-टाइमआउटने प्रत्येक टेस्टला ६० सेकंद, म्हणजे कुठल्या ओळीवर अडकली तो स्टॅकही मिळेल. लॉगमध्ये कुठलाच एरर नसताना प्रोसेस १३७ कोडने मेली असेल तर आधी मेमरी बघा. १२८ अधिक ९, म्हणजे तिला किल सिग्नल मिळालाय, आणि तो बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळे कर्नलने दिलेला असतो. वर्कर कमी करून बघा.

आता री-रनच्या प्लगइनबद्दल. गुगलने २०१६ मध्ये आपल्याकडच्या फ्लेकी टेस्ट्सबद्दल लिहिलं होतं: त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्ट्समध्ये थोडाफार फ्लेकीपणा होता, आणि पासवरून फेलवर गेलेल्या निकालांपैकी सुमारे ८४ टक्क्यांत फ्लेकी टेस्टचा हात होता. म्हणजे हे कुणालाच पूर्ण चुकत नाही. पण सगळ्या १८०० टेस्ट्सना सरसकट री-रन लावणं म्हणजे मघाच्या तारखेच्या बगसारखे बग पांघरुणाखाली ढकलणं. कारण सापडत नाही अशा मोजक्या टेस्ट्सना वेगळा मार्कर लावा, त्या मर्ज न अडवणाऱ्या जॉबमध्ये चालवा, आणि प्रत्येकीमागे एक तिकीट आणि एका माणसाचं नाव ठेवा. बाहेरच्या सेवेच्या सँडबॉक्सशी खरोखर बोलणाऱ्या टेस्ट्सना तिथे री-रन चालेल. पेमेंट गेटवेचा सँडबॉक्स कधी झोपेल ते आपल्या हातात नाही.

राहिला मोठ्या रनरचा प्रश्न. एक्सडिस्ट नीट चालू लागल्यावर ४ किंवा ८ कोअरचा रनर पैसे वसूल करतो, त्याआधी जास्तीचे कोअर नुसते बसून राहतात. ऑफिसमधलं रिकामं मशीन सेल्फ-होस्टेड रनर म्हणून लावायचं असेल तर ते दोन जॉब्सच्या मध्ये आपोआप साफ होत नाही हे धरून चाला: जुने डॉकर व्हॉल्यूम, मागच्या ब्रँचच्या पायसी फाइल्स, होम फोल्डरमधली कॉन्फिग सगळं तिथेच राहतं, आणि 'फक्त त्याच मशीनवर फुटणारी टेस्ट' हा नवा प्रकार सुरू होतो. रनर रजिस्टर करताना इफेमरल पर्याय द्या म्हणजे एका जॉबनंतर त्याची नोंद निघते, आणि पुढच्या जॉबला स्क्रिप्टने नवीन कंटेनर किंवा व्हीएम उठवा. रिपॉझिटरी पब्लिक असेल तर सेल्फ-होस्टेडचा विचारच नको. कुणीही फोर्क करून पाठवलेल्या पीआरमधला कोड तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कवर चालू शकतो.